नाव खाली, शाई वर

२ जानेवारी, गुरुवार

रक्तदाब १५०/९०. डॉक्टर म्हणाले, रोज मोजा आणि तारखेसकट लिहून ठेवा. कागदवाल्यानं नव्या वर्षाची डायरी दिली होती ती पडूनच होती, तिचं नशीब उघडलं. छपाई बेताची आहे. प्रत्येक पानावर लाल तारीख काळ्या रेघेवर चढून बसलीय. मी बत्तीस वर्षं छापखान्यात मशीनमन होतो. असला कागद माझ्या मशीनवरून बाहेर पडला असता तर त्या दिवशी मला जेवण गेलं नसतं.

आकडा लिहून झाला की पान जवळजवळ सगळंच उरतं. कोरा कागद वाया गेलेला मला बघवत नाही, म्हणून हे लिहितोय. हिला सांगितलेलं नाही.

५ जानेवारी, रविवार

१६०/९५. कारण आहे.

सकाळी ओट्यावर सामानाची यादी पडली होती. साबण, बटाटे, काडेपेटी, मेणबत्त्या. अक्षर हिचं. कागद मात्र जाड, दुधाच्या सायीच्या रंगाचा. हातात घेतल्याबरोबर बोटांनी ओळखला. उलटून पाहिलं तर सोनेरी अक्षरांत लेकीचं नाव.

"ही कार्डं तू खाली काढलीस?"

"तीन वर्षं माळ्यावर आहेत. काय अंडी घालणार होती?"

"म्हणून त्यावर बटाटे लिहायचे?"

"मागच्या बाजूला लिहिलेत. पुढच्या बाजूला हात लावलेला नाही."

ही कार्डं म्हणजे लेकीच्या लग्नाची निमंत्रणं. मी स्वतः छापली होती, पाचशे. माझ्या हातून झालेलं सगळ्यात चोख काम. लग्न झालं नाही. पोरीनंच मोडलं आणि परगावी नोकरीला निघून गेली. त्यानंतर तिचं माझं बोलणं नाही.

भांडताना माझा हात शाईच्या बाटलीला लागला आणि निळी शाई यादीवरून ओट्यावर पसरली. ओट्याला डाग पडणार म्हणून हिनं मिठाच्या डब्यात हात घातला आणि मूठभर मीठ फेकलं, कार्डावरसुद्धा. दुपारी वाळल्यावर मीठ झटकलं. मिठाच्या एकेका खड्यानं आपल्याभोवतीची शाई पिऊन घेतली होती आणि तिथं फिकट चांदण्या उठल्या होत्या. बटाटे कुठच्या कुठं गेले होते. मी भिंग काढून बराच वेळ बघत बसलो.

"जन्मभर डाग दिसला की घर डोक्यावर घेतलंत," ही म्हणाली, "आणि आता भिंगातून बघताय."

८ जानेवारी, बुधवार

१५०/९०. माळ्यावरचे गठ्ठे खाली काढले. ओल लागून बहुतेक कार्डं एकमेकांना चिकटलीत, नुसती वीट झालीय. सोडवून सोडवून शाबूत निघाली चाळीस. पेन्सिलीनं कोपऱ्यात १ ते ४० नंबर घातले. खोड जात नाही.

ओली शाई चुरगाळलेल्या प्लास्टिकच्या पिशवीखाली दाबून ठेवली की भेगाळलेल्या जमिनीसारखी नक्षी येते. भांडी घासायच्या स्पंजानं ढग येतात. जुन्या टूथब्रशवर अंगठा फिरवला की तुषार उडतात. ते कार्डावर उडतात तसे भिंतीवरही उडतात, हे आधी कळलं असतं तर बरं झालं असतं.

१४ जानेवारी, मंगळवार

१४५/९०. हिनं चार कार्डं नेऊन स्टेशनरीवाल्या बाईंना दाखवली. त्यांना चोवीस हवीत, पुढच्या महिन्याच्या चोवीस तारखेला. वर काही लिहायचं नाही, नुसती पार्श्वभूमी. मजकूर ज्याचा त्यानं लिहायचा. म्हटलं, हे माझ्या सोयीचं आहे. मला कागद सजवता येतो, मजकुराशी माझं कधी जमलं नाही.

पद्धत अशी ठरली. मागची कोरी बाजू रंगवायची, वाळल्यावर घडीच्या नव्या कार्डावर चिकटवायची. छापलेली बाजू कायमची आत. नाव खाली, शाई वर.

पहिलं चिकटवताना डिंक लावलेला ब्रश हातातच राहिला. तिच्या नावावर डिंक फिरवायला दोन वेळा डोळे मिटावे लागले. माणूस म्हातारा झाला की असा हळवा होतो बहुतेक.

१९ जानेवारी, रविवार

१५०/९२. रोज सहाला ही मला फिरायला हाकलते. पाऊस असो, थंडी असो, "सहा वाजले, निघा." मी काय दूधखुळा आहे का? सहाला पोरीचा फोन येतो.

आज मुद्दाम लवकर परतलो. चप्पल न काढता दाराबाहेर उभा राहिलो. आतून पोरीचा आवाज येणार नव्हताच, फोन हिच्या कानाला. मला फक्त हिचं "हं... हं... जेवतेस ना वेळेवर?" ऐकू येत होतं. पण प्रत्येक दोन 'हं'च्या मध्ये ती बोलत होती. ती गप्प जागा मी कान देऊन ऐकली. शेजारच्यांचं दार वाजलं तेव्हा नाइलाजानं आत गेलो.

"कोण होतं?"

"राँग नंबर."

"राँग नंबरला जेवतेस ना विचारलंस?"

"माणुसकी म्हणून."

जेवताना हिनं मधूनच विचारलं, "तुमची पाठ अजून दुखते का हो?" तीन वर्षांत विचारलं नव्हतं. परवा गुडघ्याचं विचारलं होतं. हिला ही काळजी फोननंतरच कशी सुचते कोण जाणे.

२७ जानेवारी, सोमवार

आज लिहूनच टाकतो. रक्तदाब नंतर मोजीन.

लग्नाला तीन आठवडे होते. मशीन चालू होतं, शेवटची दहा-बारा कार्डं उतरत होती. पोर छापखान्यात आली. एरवी आवाजानं कान झाकायची, त्या दिवशी झाकले नाहीत. म्हणाली, "बाबा, मला हे लग्न नाही करायचं."

मी मशीन बंद केलं नाही. हातात एक ताजं कार्ड होतं. कोपऱ्यावर माझ्या अंगठ्याचा काळा ठसा उठला होता, म्हणजे ते बाद. त्या ठशाकडे बघतच मी म्हणालो, "पाचशे कार्डं छापून झाली."

बस्स. एवढंच. का, काय झालं, कुणी काही बोललं का, तू रडली होतीस का, काही विचारलं नाही. ती "बरं" म्हणाली. माझ्या हातातलं ते बाद कार्ड काढून घेतलं आणि गेली. आठवड्याभरात नोकरीच्या गावी.

मग मी घरात फर्मान काढलं, तिचं नाव इथं काढायचं नाही. त्या मुलाबद्दल हिला पुढं काय काय कळलं असेल. ती सांगायला गेली तर मी उठून गेलो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसं झालं माझं. आता नाव काढावंसं वाटतं, सकाळसंध्याकाळ वाटतं, पण बंदी घालणारा मीच. मग उठवायची कुणी?

१५५/९५.

२ फेब्रुवारी, रविवार

१४५/९०. सतरा कार्डं पसंतीची झाली. बाद अकरा. उरलेल्या बारांतून सात साधायची आहेत.

आज हिनं नवी युक्ती सांगितली. आधी पांढऱ्या मेणबत्तीनं कागदावर रेघा मारायच्या, मग पाणी घातलेली शाई ब्रशनं फिरवायची. मेणावर शाई बसत नाही. रेघा पांढऱ्याच राहतात, बाकी सगळं निळं. ३० नंबरवर करून पाहिलं, झकास उतरलं.

"हे तुला कुणी शिकवलं?"

"तुमच्या लेकीनं. दुसरीत होती. मेणानं निरोप लिहून माझ्यापुढे ठेवायची, मी शाई फिरवून वाचायचे. भूक लागली. गणित आवडत नाही. असले."

"मला कधी दाखवलं नाही."

"तुम्ही दुसऱ्या पाळीला होतात."

खरंय. सहा वर्षं दुसरी पाळी. मी घरी यायचो तेव्हा पोर झोपलेली, ती शाळेत जायची तेव्हा मी झोपलेला. त्या सहा वर्षांत तिची उंची मी चादरीवरून मोजली.

ही भाजी आणायला गेल्यावर मी ३१ नंबर घेतला आणि मेणबत्तीनं त्यावर लिहिलं. पांढऱ्यावर पांढरं, कुणाच्या बापाला दिसणार? म्हणून धीर झाला. चार ओळी झाल्या. शाई फिरवली असती तर वाचता आल्या असत्या, म्हणून नाही फिरवली. तसंच गठ्ठ्यात ठेवलं. काय लिहिलं ते इथंही लिहीत नाही. इथली शाई दिसते.

४ फेब्रुवारी, मंगळवार

१६५/१००. ३१ नाही.

तीस आहे, बत्तीस आहे, मधलं नाही. पलंगाखाली पाहिलं, रद्दी उपसली, डिंकाच्या डब्याच्या बुडाला चिकटलंय का पाहिलं.

"एक कार्ड कमी आहे," मी म्हणालो.

"खाल्लं मी."

"चेष्टा नको."

"अहो, कोरंच होतं ना? मग कोऱ्या कागदासाठी एवढा जीव का टाकताय?"

कोरंच होतं, आणखी काय सांगणार?

काल सकाळी ही खिडकीशी एक कार्ड उजेडात तिरकं धरून उभी होती. धूळ बघत असेल. डोळे पुसत होती, म्हणाली चष्म्याचा नंबर वाढलाय. दुपारी स्टेशनरीवाल्या बाईंकडून एक पाकीट आणलं. म्हटलं, एकच पाकीट कशाला? तर म्हणे विजेच्या बिलाची तक्रार करायचीय. घरात कार्ड हरवलंय आणि हिला विजेचं बिल सुचतंय.

आता हरवलंच आहे तर लिहून ठेवतो, निदान इथं राहील. मी लिहिलं होतं:

त्या दिवशी म्हणायला हवं होतं ते हे.
कार्डं गेली खड्ड्यात.
तू बरी आहेस ना?
बाबा

९ फेब्रुवारी, रविवार

१५०/९०. दाढीचा फेस ताटलीत पसरायचा, त्यावर शाईचे थेंब सोडायचे, काडीनं ओढायचे, त्यावर कार्ड पालथं ठेवून उचलायचं आणि फेस पट्टीनं निपटून काढायचा. खाली संगमरवर तयार. मला इतका आनंद झाला की मी हाक मारली. लेकीच्या नावानं. आपोआप तोंडातून गेली.

ही स्वयंपाकघरातून आली. कार्ड पाहून "छान आलंय" म्हणाली आणि परत गेली. तीन वर्षांत पहिल्यांदा ते नाव घरात मोठ्यानं उच्चारलं गेलं, तेही दाढीच्या फेसापायी.

संध्याकाळी फिरून आलो तर हिचे डोळे लाल. कांदा चिरला म्हणाली. जेवणात कुठं कांदा नव्हता.

१५ फेब्रुवारी, शनिवार

मोजला नाही. मोजायची भीती वाटली.

टपालानं पाकीट आलं. माझ्या नावानं, पोरीचं अक्षर. घाईनं फोडताना कडेनं फाटलं. आत पत्र नाही, चिठ्ठी नाही. लग्नाचं कार्ड. कोपऱ्यावर माझ्या अंगठ्याचा काळा ठसा. तेच, माझ्या हातातून काढून नेलेलं. उलटून पाहिलं, मागून कोरं. पाठ जरा गुळगुळीत लागली, तीन वर्षं हाताळून तेलकट झाली असावी.

म्हणजे तिनं तेही परत केलं. एवढी एकच गोष्ट माझ्याकडची तिच्याकडं होती. हिशोब मिटला.

ही माझ्या तोंडाकडं बघत होती. "काय आलंय?"

"साभार परत."

"बघू." हिनं कार्ड घेतलं, उलटं केलं, पाठीवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाली, "मागून कोरं आहे की. रंगवा."

मी ओरडलो. काय काय बोललो ते लिहीत नाही. कार्ड कपाटात ठेवून कुलूप लावलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

१६०/९५. हिला झालंय काय? लहान खोलीतली गादी उन्हात टाकली. विचारलं तर ढेकूण म्हणाली. आमच्या घरात आणि ढेकूण! पडदे धुतले. चादर नवी काढली. ढेकणांसाठी नवी चादर?

मधे मधे एकच पालुपद, "ते कार्ड रंगवलंत का?"

"नाही रंगवणार."

"तेवीसच झालीत ना? चोवीस सांगितली होती."

"दुसरा कागद आणीन."

"दुसरा नाही चालणार. बाईंनी हाच म्हणून सांगितलंय."

बाई असं कधी म्हणाल्या? आणि कागदातलं हिला कधीपासून कळायला लागलं?

२० फेब्रुवारी, गुरुवार

१५५/९०. निळ्या शाईच्या दोन नव्या बाटल्या टेबलावर. शेजारी ब्रश, पाणी, फडकं, सगळं मांडून ठेवलेलं. मी न पाहिल्यासारखं केलं. ही दिवसभर भांडी आपटत होती.

दुपारी माझ्यासमोर येऊन बसली. म्हणाली, "तीन वर्षं तुम्हा दोघांच्या मधे मी टपालपेटी होऊन बसलेय. इकडचं तिकडं नको आणि तिकडचं इकडं नको. कंटाळा आला मला. आता तुम्ही शाई उचलली नाहीत तर मी एक शब्द बोलणार नाही, आणि मग रविवारी... जाऊ दे." आणि उठली.

रविवारी काय? हिच्या बहिणीकडं जायचं असेल.

त्यानंतर लहान खोलीत जाऊन बसलो. गादी उन्हानं फुगलीय. भिंतीवर पोरीच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत, सगळ्या हिनं केलेल्या. शेवटच्या खुणेवर हात ठेवला तर माझ्या कानाशी येते. आता कुठवर येत असेल? इतक्या वयात उंची वाढत नाही, हे कळतं. तरी बघावंसं वाटतं. फार वाटतं. एकदा दारात उभी राहिली तरी पुरे, बोलली नाही तरी चालेल.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी पुन्हा मोजली. तेवीस. बाद कार्डांतून एखादं वाचवता येईल का पाहिलं, नाही. सोमवारी बाईंच्या हातात एक कमी ठेवायचं, हे मला जन्मात जमणार नाही. बत्तीस वर्षांत एक नग कमी दिला नाही.

कुलूप उघडलं. ठरवलं, बाकीच्यांचं केलं तसंच याचंही करायचं. तिला नको असेल तर मी तरी उराशी धरून काय करू? तिच्या नावाकडं एकदा नीट बघून घेतलं. ठशावर अंगठा टेकवला, अजून बरोब्बर बसतो. मग पालथं ठेवलं. नाव खाली, शाई वर.

ब्रश भरून पहिला हात फिरवला. शाई बसेना. जागोजागी फाटायला लागली. कागद तेलकट झाल्याची चीड आली, म्हणून आणखी शाई घेऊन दाबून फिरवला. तशा त्या फाटलेल्या पांढऱ्या जागा एकमेकींना जोडल्या गेल्या, आणि त्यातून वर आलं, 'बाबा'.

मी ब्रश खाली ठेवला. परत उचलला. एकेक ओळ ओली करत गेलो.

बाबा, ३१ नंबर मिळाला.
मी बरी आहे.
रविवारी सकाळी ७.४० च्या गाडीनं येते. स्टेशनवर या.
सगळी शाई संपवू नका.

मान वर केली तर ही दारात.

"तू पाठवलंस ते."

"काय पाठवलं?"

"तुला हे सगळं माहीत होतं."

"मला काय माहीत? मी आपली गादीला ऊन देत होते." आणि मग तिथंच, दारात उभ्या उभ्या, पदार्थ करपल्यावर करते तसं तोंड करून रडायला लागली. "आठ दिवस! आठ दिवस नुसतं कुलूप लावून बसलात! म्हणाली, आई, तू सांगायचं नाहीस, त्यांनी स्वतः शाई फिरवायला हवी. आणि नसती फिरवलीत तर?"

मी उठलो आणि पोरीचं नाव घेतलं. मोठ्यानं. मग आणखी एकदा. शेजारच्यांनी ऐकलं असेल, ऐकू दे.

२३ फेब्रुवारी, रविवार

पहाट. गाडीला अजून दोन तास आहेत. मी बूट घालून बसलोय, ही हसतेय.

बाईंना उद्या तेवीसच मिळतील. चोविसावं देणार नाही. काय बोलतील ते ऐकून घेईन.

हात तीनदा धुतले, ब्रशनं घासले. अंगठ्याची निळी शाई काही जात नाही. ही म्हणते, राहू द्या आता, चहा गार होतोय.